दुखते कुठे? : डच अवयवनामांच्या निमित्ताने

परभाषेच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात पहिल्या चार-पाच पाठांत एक पाठ शरीराच्या अवयवांचा असतो. पानावर एक माणूस सरळ उभा असतो. त्याला वय नसते, चेहऱ्यावर कोणताही भाव नसतो. त्याच्या अंगातून चहूकडे रेषा निघालेल्या असतात आणि प्रत्येक रेषेच्या टोकाशी एक शब्द असतो. विद्यार्थ्याने रेषेवरून शब्दाकडे आणि शब्दावरून रेषेकडे जायचे. मातृभाषेत हा पाठ आपल्याला कोणी दिलेला नसतो. तेथे अवयवांची नावे आपण स्पर्शाने शिकलेलो असतो. कोणी नाक चिमटीत धरून 'नाक' म्हटलेले असते, कोणी तळहातावर बोट फिरवून मोराला बसवलेले असते, न्हाऊ घालताना कोणी कान पिळलेले असतात. शब्द आणि अवयव एकाच वेळी आपल्या वाट्याला आलेले असतात. कोणता आधी आला, हे कोणालाही सांगता यायचे नाही.

म्हणून परभाषेतील अवयवनामे शिकताना एक विचित्र अनुभव येतो. टेबल, खुर्ची, पाऊस, बाजार यांची परकी नावे विनातक्रार स्वीकारली जातात. पण आपल्याच गुडघ्याला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारू लागले की गुडघा ऐकत नाही. आम्ही दोघांनी साठी ओलांडल्यावर डच शिकायला घेतली, तेव्हा हे प्रथम जाणवले. आम्हाला ना नोकरीसाठी ती भाषा हवी होती, ना वाङ्मयाच्या अभ्यासासाठी. लायडनमध्ये वाढणारी आमची तीन वर्षांची नात मराठी समजत असे, परंतु बोलताना तिच्या तोंडून पाळणाघरातली डच येई. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजत, तिकडे उन्हाळ्यातले सहा. संगणकाच्या पडद्यावर ती गुडघ्याचे खरचटलेले कातडे दाखवी आणि काहीतरी सांगे. ते काय आहे, एवढेच आम्हाला समजून घ्यायचे होते. तेव्हा आम्ही व्याकरण बाजूला ठेवून अवयवांपासूनच सुरुवात केली. (डच शब्द येथे नागरीत लिहिताना जवळपासचा उच्चार धरला आहे. डच लेखनातला 'ग' घशातून खरखरत येतो. तो आम्ही 'ख'ने दाखवला आहे, दुसरा इलाज नाही.)

पहिला अडथळा कानाचा निघाला. आपल्या अवयवांची चार मराठी नावे डचमध्ये जशीच्या तशी ऐकू येतात, पण त्यांचे अर्थ निराळे आहेत. 'हात' म्हणजे तिकडे द्वेष. 'मान' म्हणजे चंद्र. 'पोट' म्हणजे जनावराचा पाय. आणि 'बोट' म्हणजे पाण्यावर चालणारी बोट, जी आपल्याकडेही आहेच. एकदा आम्ही पडद्यावरून नातीला म्हटले, 'तुझं बोट दाखव बघू.' ती उठून आत गेली आणि न्हाणीघरातले प्लास्टिकचे पिवळे जहाज घेऊन आली. तिची काहीच चूक नव्हती. तिच्या एकाच कानात दोन भाषा राहत होत्या आणि हाकेला जी आधी धावून आली, तिने उत्तर दिले. आम्हाला मात्र हसता हसता थोडे गंभीर व्हावे लागले. या पोरीच्या हाताला बोट राहील की नाही, असा काहीसा अतार्किक प्रश्न मनात आला.

दुसरा अडथळा अधिक मूलभूत होता. शरीर सर्वांचे सारखेच असते, म्हणून त्याची नावेही एकास एक जुळतील, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येक भाषा शरीराचे तुकडे वेगळ्या ठिकाणी पाडते. मराठीत खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा 'हात'. डचमध्ये मनगटापर्यंत 'आर्म' आणि तेथून पुढे 'हांट'. मराठीत कमरेखाली सगळा 'पाय'. डचमध्ये घोट्यापर्यंत 'बेन', पुढे 'फूट'. आपण हातापायांची सगळी 'बोटे' एकाच शब्दात मोजतो. डच माणसाच्या हाताला 'फिंगर' असतात आणि पायाला 'टेन'. आपले 'पोट' दुखते; डच माणसाला मात्र आधी ठरवावे लागते की बाहेरून दिसते ते 'बाउक' दुखते आहे की आतली अन्नाची पिशवी, 'माख'. उलट आपण मानेच्या बाबतीत इंग्रजीपेक्षा डचला जवळचे आहोत. मागची ती 'नेक', पुढून हार घालण्याची ती 'हाल्स' आणि आतून खवखवतो तो 'केल'. मान, गळा आणि घसा. मराठी माणूस या तीन शब्दांत कधी घोटाळा करत नाही. गळ्यात हार पडतो, घशात घास अडकतो आणि मान खाली जाते. हे त्रिकूट आम्हाला एका दिवसात पाठ झाले आणि पुढे ते उपयोगी पडले.

जुळणाऱ्या शब्दांचा आनंद वेगळाच. डचमध्ये गुडघ्याला 'क्नी' म्हणतात आणि इंग्रजीत गप्प बसलेला 'क' तेथे ठणठणीत उच्चारला जातो. त्याच्याशेजारी संस्कृत 'जानु' ठेवून पाहावा. दाताला 'टांट', तेथे 'दन्त'. बेंबीला 'नाव्हल', तेथे 'नाभि'. 'वेंकब्राउ'मधल्या 'ब्राउ'शेजारी 'भ्रू'. आणि नखाला चक्क 'नाखल'. लायडन विद्यापीठातील मार्कस झुएरियस फान बॉक्सहॉर्न या प्राध्यापकाने 1647 मध्येच डच, ग्रीक, लॅटिन, फारसी या भाषांचे मूळ एक असावे असे मांडले होते. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृतसंबंधीचे प्रसिद्ध व्याख्यान दिले ते 1786 मध्ये, म्हणजे जवळजवळ एकशेचाळीस वर्षांनंतर. भाषाशास्त्राच्या तासाला हे सर्व कोरडे वाटते. पण नखे कापून घेताना रडणाऱ्या पोरीच्या तोंडून 'नाखल' ऐकले की त्या कुळाच्या वंशवृक्षाला पालवी फुटल्यासारखे होते. अर्थात फार हुरळून जाऊ नये. डोके, डोळा, पोट, गुडघा ही आपली रोजची नावे या पंक्तीत कोठेच बसत नाहीत. आपण देवपूजेत डच लोकांचे चुलतभाऊ आहोत, न्हाणीघरात नाही.

नावांतून समाजाची उतरंडही दिसते. डचमध्ये माणसाचे डोके 'होफ्ट' आणि जनावराचे 'कॉप'. माणसाचा पाय 'बेन' आणि जनावराचा 'पोट'. माणसाला जनावराचा शब्द लावला की तो उर्मटपणा किंवा फार झाले तर सलगी. याला अपवाद घोड्याचा. घोड्याला 'होफ्ट' आणि 'बेन' म्हणावे, कारण तो उमदा प्राणी, असा तेथील जुना संकेत आहे. आम्हाला याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. देवाचे ते चरण, आपले ते पाय आणि रागाच्या भरात दुसऱ्याची ती तंगडी, अशी व्यवस्था आपल्याकडे आहेच. श्रीमुख, तोंड आणि थोबाड हे एकाच अवयवाचे तीन सामाजिक दर्जे आहेत. फरक इतकाच की डच सीमा माणूस आणि पशू यांच्यामध्ये आखली आहे, आपली मुख्यतः माणसामाणसांत.

काही नावे निव्वळ कवित्वाची वाटतात, जरी ती वापरणाऱ्याला त्याचे भान नसते. टाळूला 'फरहेमल्ट' म्हणतात आणि त्यात 'हेमल' म्हणजे आकाश लपलेले आहे; तोंडाच्या पोकळीवर कोणीतरी छोटे आभाळ धरले आहे. कानशिलाला 'स्लाप' म्हणतात आणि झोपेलाही 'स्लाप'च. हिरड्या म्हणजे 'दाताचे मांस'. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा जो फुगीर भाग असतो, त्याला 'उंदीर' म्हणतात. त्यांच्या हातात उंदीर बसतो तर आपल्या दंडात बेटकुळी येते. हे दोन लहान प्राणी एकमेकांना भेटले तर बरे बोलतील असे वाटते. अंगावर काटा येतो तेव्हा त्यांच्या अंगावर 'कोंबडीचे कातडे' येते. आपल्या पायाला मुंग्या येतात, त्यांचा पाय झोपतो.

शरीराच्या आत शिरले की डच भाषेचा एक गुण प्रकर्षाने दिसतो. आतल्या अवयवांची नावेही घरगुती शब्दांची बनलेली असतात. अन्ननलिका म्हणजे 'घोटाचे आतडे'. गर्भाशय म्हणजे 'बारमूडर', त्यातला 'मूडर' म्हणजे आई. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला 'बारा बोटांचे आतडे' म्हणतात, कारण त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी धरली गेली. स्वादुपिंड म्हणजे 'सर्व-मांस-ग्रंथी'. धमनी म्हणजे 'ठोक्याची शीर'. यांपैकी काही नावे ग्रीक-लॅटिन शब्दांची भाषांतरेच आहेत. पण भाषांतर झाले ते स्वयंपाकघरातल्या भाषेत. आपल्याकडे स्वादुपिंड, यकृत, प्लीहा हे शब्द संस्कृतातून येतात आणि शाळेच्या वहीत राहतात. दवाखान्यात जाताना आपण त्यांना घरी ठेवतो आणि इंग्रजी शब्द सोबत नेतो. त्यामुळे मराठी माणसाच्या शरीराच्या बाहेरचा भाग मराठी, आतला भाग संस्कृत आणि आजारी भाग इंग्रजी, अशी वाटणी झालेली आहे.

डच अवयवनामांशी झटापट करणारे आम्ही पहिले आशियाई नव्हतो, हे वाचनात आल्यावर मोठा धीर आला. जपानने सतराव्या शतकात युरोपियनांना दारे बंद केली, तेव्हा एकट्या डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्या कृत्रिम बेटावर राहण्याची मुभा होती. त्यामुळे युरोपची विद्या जपानात जी आली ती डच भाषेच्या चिंचोळ्या खिडकीतून. 1771 मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सुगिता गेनपाकु आणि माएनो र्‍योताकु हे दोन वैद्य काही सहकाऱ्यांसह वधस्तंभाच्या जागी एका प्रेताचे विच्छेदन पाहायला गेले. दोघांनीही येताना एकच पुस्तक बरोबर आणले होते : योहान आडाम कुल्मुस या जर्मन लेखकाच्या शरीररचनेच्या ग्रंथाचे 1734 चे डच भाषांतर. गेनपाकुला डच मुळाक्षरेही येत नव्हती. तो फक्त चित्रे पाहू शकत होता. समोर उघडलेल्या शरीरातले फुप्फुस आणि यकृत परंपरेने मानलेल्या चिनी ग्रंथांशी जुळेनात. पण डच पुस्तकातल्या चित्रांशी तंतोतंत जुळले. परतताना त्यांनी ठरवले की हे पुस्तक आपल्या भाषेत आणायचे आणि दुसऱ्याच दिवशी कामाला बसले.

विच्छेदन करणारा होता एक नव्वद वर्षांचा म्हातारा. तो त्या समाजात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जमातीचा होता. गेनपाकुने वयाच्या ऐंशीनंतर, 1815 मध्ये, या सर्वांच्या आठवणी लिहिल्या. त्यांत हा म्हातारा अमक्याचा आजोबा एवढ्याच ओळखीने येतो. त्याचे स्वतःचे नाव तेथे नाही. तो एकेक अवयव काढून दाखवी. काहींची नावे त्याला ठाऊक होती, काहींची नव्हती. परंतु ती नावे नसलेली वस्तू प्रत्येक शरीरात याच जागी असते, हे तो तरुणपणापासूनच्या अनुभवाने सांगे. आजवर मी अनेक वैद्यांना हे दाखवले, पण हे काय आणि ते काय, असे कोणी विचारले नाही, असेही तो म्हणाला. मराठी वाचकाला येथे थांबावे लागते. ज्याच्या हाताला शरीर माहीत, त्याच्याकडे ग्रंथ नाही. ज्याच्याकडे ग्रंथ, त्याने शरीराला हात लावलेला नाही. ही गोष्ट परदेशातली वाटत नाही.

पुढची हकीकत प्रत्येक भाषांतरकाराने वाचावी अशी आहे. र्‍योताकुजवळ नागासाकीहून आणलेले काही शब्द होते. कोश म्हणावा असे काही नव्हते. त्यांनी सुरुवात आतल्या अवयवांपासून केली नाही. ग्रंथात माणसाची पुढून आणि मागून काढलेली आकृती होती. तिथले बाह्य अवयव त्यांना ओळखीचे होते, म्हणून तेथून आरंभ केला. म्हणजे आमच्या क्रमिक पुस्तकातला तोच रेषा निघालेला माणूस! भुवई म्हणजे डोळ्यावर उगवलेले केस, एवढ्या अर्थाच्या एका वाक्यासाठी वसंतातला एक लांब दिवस खर्ची पडला. नाकाच्या वर्णनातल्या एका शब्दापाशी ते असेच अडले. एका पुस्तिकेत तोच शब्द छाटलेल्या फांदीच्या जखमेबद्दल आणि अंगण झाडल्यावर साठणाऱ्या कचऱ्याबद्दल आला होता. दोन्ही ठिकाणी काहीतरी वर येते, उंचवटा होतो. तेव्हा नाक म्हणजे चेहऱ्यावरचा उंचवटा, असा उलगडा झाला आणि त्यांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. पुढे अभ्यासकांनी मूळ डच ग्रंथ तपासला, तेव्हा नाकाच्या वर्णनात तो शब्द सापडलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांनंतरच्या स्मरणाने शब्द बदलला असेल. पण शोधाचा आनंद स्मरणाने बदललेला दिसत नाही. ज्या शब्दाचा अर्थ लागेना, त्याच्यापुढे ते वर्तुळात अधिकचे चिन्ह काढून ठेवत आणि पुढे जात. अकरा वेळा मसुदा लिहून 1774 मध्ये 'काइताई शिन्शो' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याला त्यातल्या त्यात डच येत होती, त्या र्‍योताकुचे नाव त्यावर नाही.

या ग्रंथाच्या आरंभी भाषांतराचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि उदाहरणे अवयवांचीच आहेत. पहिला, जेथे आपल्याकडे शब्द आहे. डच 'बेन्डरन' म्हणजे हाडे. तेथे हाडांचा आपला शब्द ठेवावा. दुसरा, जेथे शब्द नाही पण अर्थ समजतो. 'क्राकबेन' म्हणजे कूर्चा. त्यातल्या 'क्राक'ला त्यांनी उंदराने भांडे कुरतडल्याच्या आवाजासारखे म्हटले आणि त्यावरून 'मऊ हाड' असा नवा शब्द घडवला. तिसरा, जेथे शब्दही नाही आणि अर्थही कळत नाही. 'क्लीर' म्हणजे ग्रंथी. तो शब्द त्यांनी ध्वनीसह जसाच्या तसा उचलला. म्हणजे शब्द असेल तर द्या, अर्थ कळला तर घडवा, नाहीतर आवाज तरी सांभाळा. आमच्या माहितीत भाषांतराचे याहून प्रामाणिक धोरण नाही. मज्जातंतूसाठी त्यांनी त्या वेळी घडवलेला 'शिन्केइ' हा शब्द आजही जपानी माणूस रोज वापरतो.

आता दुखण्याकडे वळू. कारण अवयवनामांची खरी गरज तेथे लागते. मराठीत डोके दुखते. वाक्याचा कर्ता डोके, दुखण्याची क्रिया त्याची. माणूस 'माझे' एवढ्यापुरता बाजूला उभा. ताप मला 'येतो', खोकला मला 'होतो', उसण 'भरते', कळ 'येते' आणि 'जाते'. दुखणे हा पाहुणा आहे. तो आपल्या मर्जीने येतो. डच माणूस म्हणतो, माझ्याजवळ डोकेदुखी आहे. माझ्याजवळ ताप आहे. पाय मोडला तरी 'त्याने आपला पाय मोडला' असेच वाक्य होते. तेथे दुखणे ही मालमत्ता आहे आणि माणूस तिचा धनी. कोणती रचना बरी, हा प्रश्न निरर्थक आहे. पण वेदनेचा पाहुणा आणि वेदनेची मालकी यांत फरक आहेच. एक गोष्ट मात्र दोन्हींकडे सारखी. ठणका, चमक, कळ, पेटका हे भेद जसे आपल्याकडे, तसे त्यांच्याकडेही बारीक भेद आहेत. एका प्रकारच्या मंद, सतत चालणाऱ्या वेदनेला ते 'कुरकुरणारी वेदना' म्हणतात आणि तेच क्रियापद हट्टाने किरकिर करणाऱ्या मुलाला लावतात. साठीनंतरच्या गुडघ्याला याहून अचूक विशेषण आम्हाला मराठीतही आठवत नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात आम्ही लायडनला गेलो होतो. मुलगा आणि सून एका लग्नासाठी ग्रोनिंगनला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलेले, नात आमच्यापाशी. रात्री तिला सणकून ताप भरला. 'कुठे दुखतंय, बाळा?' असे विचारले. प्रश्न तिला मराठीत कळला. उत्तर डचमध्ये आले, 'केल'. घसा. आम्हाला हायसे वाटले, कारण मान असती तर गोष्ट वेगळी होती. तिकडे रात्री-अपरात्री आधी फोन करावा लागतो आणि पलीकडची व्यक्ती प्रश्न विचारून प्रसंग किती निकडीचा ते ठरवते. फोनवरची बाई शांत होती आणि आमच्याशी उत्तम इंग्रजी बोलत होती. तिने ताप विचारला, अंगावर पुरळ आहे का विचारले आणि मग म्हणाली, मुलीला हनुवटी छातीला टेकवता येते का पाहा. मान ताठली असेल तर तसे करता येत नाही आणि ते मेंदूच्या आवरणाच्या सुजेचे लक्षण असू शकते, हे आम्हाला ऐकून ठाऊक होते. आम्ही नातीला म्हटले, 'हनुवटी छातीला लाव.' ती नुसती पाहत राहिली.

तिला हनुवटी हा शब्द माहीत नव्हता. नाक, कान, डोळे, दात, बोटे यांचे खेळ असतात. हनुवटीचा खेळ नसतो. तिने मराठीत हनुवटी कधी ऐकलेलीच नव्हती. ती न कळल्याने पाहत आहे की मान वाकत नाही म्हणून, हे तापाने लाल झालेल्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. फोनवरची बाई वाट पाहत होती. मग आम्ही म्हटले, 'किन.' आणि आपल्या छातीवर हात ठेवून, 'बोर्स्ट.' तिने लगेच मान खाली घातली. हनुवटी छातीला लागली. तेवढेच नव्हे, तर हा खेळ असावा असे वाटून तिने ते दोनदा केले. बाईंना सांगितले. त्यांनी रात्री काय करावे आणि कशावर लक्ष ठेवावे ते सांगितले. सकाळी डॉक्टरांनी घशाचा साधा संसर्ग असल्याचे म्हटले आणि तीन-चार दिवसांत ती पूर्ववत धावू लागली.

'किन' आणि संस्कृत 'हनु' हे शब्द एकाच मुळाचे मानले जातात. वहीत ते आम्ही फार आधीच शेजारी शेजारी लिहिले होते आणि एका जोडीची भर पडली म्हणून समाधान मानले होते. त्या रात्री कळले की त्या दोन शब्दांमधले अंतर किती आहे. एकाच मुळापासून निघालेले ते दोन ध्वनी एका खोलीत होते आणि त्यांतला एकच पोरीच्या शरीरापर्यंत पोचत होता. तो आमचा नव्हता. याचे दुःख झाले का, असे कोणी विचारले तर होय म्हणावे लागेल. परंतु त्या क्षणी नाही. त्या क्षणी कोणत्याही भाषेतली हनुवटी आम्हाला चालली असती.

मातृभाषा टिकवण्याविषयी आपण जे बोलतो, ते बहुतेक साहित्य, संस्कृती, अस्मिता अशा मोठ्या शब्दांत बोलतो. परदेशी वाढणाऱ्या मुलांना आपण गोष्टी पाठवतो, श्लोक शिकवतो, सणांची नावे घोकून घेतो. या सर्वांना अर्थ आहे. पण भाषा माणसाच्या अंगाला नेमकी कोठे चिकटलेली असते, याचा विचार केला तर ती घोट्यापाशी, कोपरापाशी, कानशिलापाशी चिकटलेली असते. जेथे कधी कोणी हात लावून नाव घेतले नाही, तो भाग त्या भाषेत जणू नसतोच. गेनपाकुचा अनामिक म्हातारा ज्या अवयवांवर बोट ठेवून 'हे नेहमी येथेच असते' म्हणत होता, त्यांना नाव द्यायला परकी भाषा शिकलेली माणसे लागली. आमच्या घरात हे काम उलट दिशेने करणे आले. त्या हिवाळ्यात आम्ही नातीबरोबर नवे खेळ रचले : हनुवटीचा, नडगीचा, पोटरीचा, टाळूचा, करंगळीचा. बदल्यात तिने आम्हाला त्यांची डच नावे शिकवली आणि आमचा 'हाउट', म्हणजे कातडी, हा उच्चार अनेकदा नापास केला. तिने स्वतःपुरती एक तडजोडही केली. खांद्यापासून मनगटापर्यंत 'हात' आणि पुढे 'हांट'. अशी वाटणी ना मराठीत आहे ना डचमध्ये. शरीराचे तुकडे पाडण्याचा अधिकार भाषांना असेल, तर तीन वर्षांच्या मुलीलाही तो आहे.

आमच्या वहीत आता दोनशेच्या वर शब्द आहेत. बहुतेकांपुढे मराठी शब्द लिहून झाला आहे, काहींपुढे अर्थ फोडून लिहिला आहे. एका ओळीत मात्र उलटे झाले. डावीकडे 'काळीज' लिहिले आणि उजवी बाजू भरता येईना. काळजात धस्स होते, ते 'हार्ट' म्हणावे तर खाटकाकडे मिळणारी कलेजी म्हणजे यकृत, डचमध्ये 'लेव्हर'. काळजाला घरे पडतात, काळजाचे पाणी होते, पोर काळजाचा तुकडा असते. हे सगळे ज्या एका जागी होते, ती जागा पुस्तकातल्या माणसाच्या अंगावर कोणत्याही रेषेने दाखवलेली नाही. तेथे आम्ही वर्तुळ काढून आत अधिकचे चिन्ह केले आहे. नातीने एकदा ते बोटाने दाखवून विचारले तेव्हा तिला भाषांतर सांगितले नाही. तिसऱ्या प्रकाराने, म्हणजे नुसत्या आवाजाने, तो शब्द दिला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला, 'ळ' तिला जमला नाही, आणि तो कोठे असतो म्हणून विचारले. आम्ही तिचाच हात धरून साधारण मधोमध ठेवला.